टाकी मोठी केली की दाब वाढेल का?

प्रश्न थोडक्यात असा. चार मजल्यांची इमारत, गच्चीवर पाच हजार लिटरची टाकी. सगळ्यात वरच्या मजल्यावर शॉवरला पाणी येतं ते नुसतं ठिबकतं. सोसायटीच्या सभेत ठरत आलंय की टाकी दहा हजार लिटरची करायची, म्हणजे 'प्रेशर' वाढेल. प्रश्न विचारणाऱ्या ताईंची मुलगी आठवीत आहे. ती म्हणाली, "दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ. टाकी मोठी केली तर बल वाढेल, पण तळही मोठा होईल. मग दाब कसा वाढेल?" आणि लगेच तिचा दुसरा प्रश्न आला: विटेचा दाब, पाण्याचा दाब आणि हवेचा दाब हे एकच असतात की वेगवेगळे?

ताई, मुलगी बरोबर बोलतेय. नुसती लांबरुंद टाकी बसवून दाब वाढणार नाही. सभेत हे आधी सांगा, नाहीतर पैसे जातील आणि शॉवर ठिबकतच राहील. त्यावर काय करायचं ते शेवटी सांगतो. पण तिचा दुसरा प्रश्न मला जास्त मोलाचा वाटतो. मी ३१ वर्षं पाणीपुरवठ्याच्या योजनांवर काम केलं. घन, द्रव आणि वायू यांच्या दाबातला फरक न कळल्यामुळे माणसं जखमी झालेली मी पाहिली आहेत. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

व्याख्या तिन्हीकडे तीच, यात शंका नाही. एक चौरस सेंटीमीटरवर किती किलोचा भार येतो, ते मोजायचं. साइटवर आम्ही नुसतं 'दोन किलोचा दाब', 'सहा किलोचा दाब' असं म्हणतो, त्याचा अर्थ दर चौरस सेंटीमीटरला इतके किलो. पुस्तकात पास्कल हे एकक येतं. आमचा एक किलो म्हणजे साधारण ९८ हजार पास्कल. फरक आहे तो दाब कोणत्या दिशेला जातो आणि पदार्थात किती साठून राहतो यात.

घन पदार्थाचं लवकर उरकतं. तीन किलोची वीट आडवी ठेवली तर तिच्याखाली साधारण २५० चौरस सेंटीमीटर जागा येते, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला १२ ग्रॅम. तीच वीट छोट्या टोकावर उभी केली की जागा तिपटीने कमी होते आणि दाब ३६ ग्रॅमवर जातो. वजन तेच, दाब तिप्पट. डोक्यावर हंडा घेणाऱ्या बायका हेच चुंबळीने साधतात. हंड्याचा गोल बूड टाळूच्या एका ठिपक्यावर टेकला तर दहा पावलं चालवणार नाही. कापडाची चुंबळ तेच वजन सगळ्या माथ्यावर पसरवते. इमारतीच्या पायातही हेच चालतं. एका कॉलमवर ४० टन आले आणि खालची जमीन चौरस मीटरला २० टनच सोसणारी असली, तर फुटिंग किमान दोन चौरस मीटरचं लागतं. कॉलमखाली जमिनीत पसरलेला तो काँक्रीटचा चौथरा म्हणजे कॉलमची चुंबळ.

आता खरा मुद्दा. विटांची दहा थरांची चळत रचा. ती खालच्या जमिनीला दाबते, पण शेजारी उभ्या असलेल्या चळतीला ढकलते का? नाही. हात लावून बघा, बाजूने काहीच जोर नाही. घन पदार्थ आपला आकार स्वतः धरून ठेवतो, म्हणून वजन ज्या दिशेने आलं त्याच दिशेने खाली जातं. बाजूला भिंत लागत नाही.

द्रवाला आकार धरून ठेवता येत नाही. वरून दाबलं की तो बाजूला पळू बघतो, आणि पळू दिलं नाही तर जो कोणी अडवेल त्याला ढकलतो. बाजूच्या भिंतीला, खालच्या तळाला, आणि वर झाकण असेल तर झाकणालासुद्धा. द्रवात ठरावीक खोल जागी दाब सगळ्या दिशांना सारखाच असतो.

हा फरक डोळ्यांनी बघायचा असेल तर कॉलम भरताना साइटवर उभं राहा. सुरुवातीच्या वर्षांत मी एका पंपहाउसच्या बांधकामावर होतो. नऊ बाय पंधरा इंचांचा कॉलम, तीन मीटर उंच. शटरिंगच्या, म्हणजे ओलं काँक्रीट धरून ठेवणाऱ्या साच्याच्या, फळ्यांना क्लॅम्प सगळीकडे सारख्याच अंतरावर मारलेले. काँक्रीट सैल होतं आणि माणसांनी घाईने एका दमात वरपर्यंत भरलं. वरच्या फळ्या जागच्या हलल्या नाहीत. खाली जमिनीपासून वीतभर उंचीवर फळ्यांच्या सांध्यातून आधी सिमेंटचं पाणी झिरपायला लागलं, मग फळी पोटासारखी पुढे आली. मिस्त्री ओरडला, "खालून फुगतंय!" टेकू लावेपर्यंत एक क्लॅम्प सुटला होता.

हिशेब सोपा आहे. ओलं काँक्रीट घनमीटरला सुमारे २४०० किलो भरतं आणि ओलं असेपर्यंत द्रवासारखं वागतं. तीन मीटर खाली त्याचा दाब चौरस मीटरला सात टनांच्या पुढे जातो. कॉलमच्या पंधरा इंची बाजूच्या अगदी तळाच्या एका फुटाच्या पट्टीला पावणेआठशे किलोचा रेटा बसतो. वरच्या एका फुटाच्या पट्टीला मात्र जेमतेम चाळीस-पन्नास किलो. म्हणून क्लॅम्प खाली जवळजवळ आणि वर लांबलांब मारायचे असतात, आणि काँक्रीट थांबत थांबत भरायचं असतं.

दुसऱ्या दिवशी फळ्या काढल्या तेव्हा तोच कॉलम तिथेच तसाच उभा होता, वजन तेवढंच, पण बाजूने रेटा शून्य. रात्रीतून द्रवाचा घन झाला होता. त्यावर हात ठेवला तेव्हा मला पहिल्यांदा घन आणि द्रव यांच्या दाबातला फरक खरा कळला, आणि अजूनही कोणाला समजावताना मी तिथूनच सुरुवात करतो.

धान्य आणि वाळू यांचं वागणं या दोघांच्या मध्ये आहे. कणगीत ज्वारी भरली की ती बाजूलाही ढकलते, पण दाणा दाण्याला आणि कुडाला घासतो, त्यामुळे वरच्या धान्याचं पुष्कळसं वजन घर्षणाने कुडावर जातं. ठरावीक उंचीनंतर वर कितीही भरा, तळाचा दाब फारसा वाढत नाही. यान्सेन नावाच्या जर्मन अभियंत्याने १८९५ मध्ये हे गणितात मांडलं आणि धान्याच्या उंच कोठारांचं डिझाइन अजून त्याच विचाराने होतं. पाण्याच्या टाकीचं गणित कोठाराला लावलं तर तळाचा दाब फुगवून धरला जातो आणि भिंतीवर उभ्या दिशेने येणारं वजन हिशेबातून सुटून जातं.

पाण्यात घर्षणाची ही सूट नाही. जितकं खोल, तितका दाब, आणि फक्त खोलीच बघायची. दहा मीटर खोलीला एक किलो, हे एवढं पाठ असलं तरी पुष्कळ कामं निभतात. कोयना धरण पायापासून १०३ मीटर उंच आहे. त्याच्यामागे शिवसागर जलाशय खोऱ्यात कित्येक किलोमीटर पसरलाय, पण भिंतीच्या एका चौरस मीटरवर किती दाब येतो ते ठरवायला त्या लांबीचा काडीचाही उपयोग नाही. शंभर मीटर खोलीवर दहा किलो, म्हणजे चौरस मीटरला शंभर टन. मागे शंभर मीटर खोल विहीर असती, तरी तळाला एवढाच दाब आला असता. म्हणून धरणाची भिंत खाली रुंद आणि वर अरुंद. फ्लँडर्सच्या (आजच्या बेल्जियमकडचा भाग) सायमन स्टेव्हिन या गणितज्ञाने दाब फक्त खोलीवर ठरतो हे १५८६ मध्येच लिहून ठेवलं होतं आणि ते लोकांना तेव्हाही पटायला जड गेलं असणार, कारण सोसायटीच्या सभांमध्ये ते आजही जड जातं.

इथे मुलीसाठी एक गोष्ट. बाटलीला तीन भोकं पाडून पाणी सोडायचा प्रयोग ती करेल. बऱ्याच चित्रांत सगळ्यात खालची धार सगळ्यात लांब पडलेली दाखवतात. बाटली थेट टेबलावर किंवा जमिनीवर ठेवली तर तसं होत नाही; पाण्याच्या उंचीच्या मध्यावरची धार सगळ्यात लांब जाते. खालच्या भोकातून पाणी जास्त वेगाने निघतं हे खरं, पण त्याला खाली पडायला उंचीच उरत नाही. बाटली उंच स्टुलाच्या कडेला ठेवा आणि धार जमिनीवर पडू द्या, मग खालची धार पुढे जाईल. मुलं प्रयोग करतात, चित्राशी जुळत नाही, आणि आपलंच चुकलं असं समजून गप्प बसतात. याचं मला फार वाईट वाटतं. तिला सांगा, बाटली खोटं बोलत नाही.

आता वायू. वायूचे कण सतत धावत असतात आणि भिंतीवर आपटत असतात; त्या असंख्य टपल्यांचा एकत्रित जोर म्हणजे वायूचा दाब. द्रवासारखाच तो सगळ्या दिशांना ढकलतो. पण एक मोठा फरक आहे: वायू दाबला जातो आणि दाबलेल्या स्प्रिंगसारखा जोर साठवून ठेवतो.

औषधाच्या दुकानातून सुई नसलेली सिरिंज आणा. आधी हवा भरून तोंड बोटाने गच्च दाबा आणि दांडा रेटा. तो आत जातो, सोडला की परत येतो. आता सिरिंज पाण्याने भरा, आतला हवेचा बुडबुडा काढून टाका आणि तसंच करा. दांडा भिंतीला टेकल्यासारखा घट्ट. हजार लिटर पाणी दहा किलोच्या दाबाखाली आणायचं तर ते जेमतेम अर्धा लिटर आकसतं. तेवढ्याच जागेत हवा त्याच दाबाला आणायची तर बाहेरची जवळजवळ दहा हजार लिटर जादा हवा आत कोंबावी लागते. दाब मोजणाऱ्या गेजवर आकडा दोन्हीकडे तोच, पण आत साठलेल्या ऊर्जेत हजारो पटींचा फरक.

हे मी ज्या दिवशी शिकलो तो दिवस विसरू शकत नाही. एका गावच्या योजनेची २५० मिलिमीटरची पाइपलाइन टेस्ट होत होती. चालू दाब सहा किलो, म्हणून टेस्ट नऊ किलोला. टेस्ट नेहमी पाणी भरून करतात ती याचसाठी: पाइप फुटलाच तर पाणी थोडं उडतं आणि दाब लगेच शून्यावर येतो. पण लाइन मधे एका टेकाडावरून जात होती आणि तिथला, अडकलेली हवा बाहेर सोडणारा एअर व्हॉल्व्ह अजून बसवलेला नव्हता. टेकाडावर हवा कोंडली. दाब चढवायच्या हातपंपाचे दांडे मारता मारता माणसं घामाघूम झाली, गेजचा काटा मात्र हळूहळू, आळसटून वर चढत होता. लाइन पाण्याने खरोखर भरलेली असली की थोड्याच दांड्यांत काटा चढतो. तो आळसटलेला काटा सांगत होता की आत हवा आहे. मी नवखा होतो, मला ते वाचता आलं नाही. सात किलोच्या आसपास लाइनचं शेवटचं टोक बंद करणारी प्लेट उडाली. त्या व्यासावर सात किलो म्हणजे साधारण साडेतीन टनांचा रेटा, आणि मागे दाबलेली हवा असल्यामुळे तो रेटा क्षणात संपला नाही. पाण्याचा अख्खा लोंढा त्या हवेने तोफेच्या गोळ्यासारखा पुढे ढकलला. खंदकात उभ्या असलेल्या एका मजुराचा पाय मोडला. त्यानंतर माझ्या एकाही साइटवर हवा पूर्ण निघाल्याशिवाय आणि प्लेटसमोरची माणसं हटवल्याशिवाय कोणी दांड्याला हात लावला नाही.

घरातलं याचं रूप म्हणजे कुकर. शिट्टी हे निव्वळ एक वजन आहे. तिच्याखालचं भोक तीन मिलिमीटर व्यासाचं धरलं तर त्याचं क्षेत्रफळ ०.०७ चौरस सेंटीमीटर. त्यावर ७० ग्रॅमचं वजन ठेवलं की वाफ एक किलोच्या दाबाला पोचेपर्यंत ते उचललं जात नाही. त्या दाबाला पाणी १२० अंशांच्या आसपास उकळतं, म्हणून डाळ लवकर शिजते. आता त्याच दाबाचा झाकणावरचा हिशेब करा. २० सेंटीमीटर व्यासाचं झाकण म्हणजे ३१४ चौरस सेंटीमीटर, म्हणजे आतून ३१४ किलोचा रेटा. चार-पाच मोठी माणसं खालून झाकण ढकलतायत असं समजा. शिट्टी ७० ग्रॅमची आहे म्हणून आतला जोर किरकोळ वाटतो, तसा तो नसतो. कुकर गार झाल्याशिवाय झाकण ओढू नका, आणि भोकात डाळीचं साल अडकलंय का ते रोज उजेडाकडे धरून बघा. मुलांनाही बघायला शिकवा.

गाडीच्या टायरमध्ये वायू आणि घन एकमेकांना भेटतात. माणसांसकट गाडी ११०० किलोची धरली तर एका चाकावर २७५ किलो. टायरमध्ये २.३ किलो हवा (पेट्रोल पंपावरचा ३३ चा आकडा) असेल तर रस्त्याला टेकलेली जागा साधारण १२० चौरस सेंटीमीटर निघते, तळहातापेक्षा थोडी जास्त. एवढी मोठी गाडी चार तळहातांवर धावते. हवा कमी झाली की टेकलेली जागा आपोआप वाढते, टायर बसल्यासारखा दिसतो तो त्यामुळे.

आपल्याभोवतीच्या हवेचाही दाब आहे, समुद्रसपाटीला चौरस सेंटीमीटरला १.०३ किलो. तो जाणवत नाही, कारण आतून-बाहेरून सारखाच असतो, आणि साधा गेज तो मोजतही नाही. आजूबाजूच्या हवेला तो शून्य धरतो. पण उन्हाळ्यात विहिरीचं पाणी खाली गेलं की शेतकरी मोटर उतरवून खालच्या टप्प्यावर का बसवतो? काठावरचा पंप पाणी ओढत नाही. तो फक्त पाइपातली हवा कमी करतो, आणि बाहेरच्या हवेचा दाब पाण्याला वर ढकलतो. १.०३ किलोचा दाब पाण्याला जास्तीत जास्त १०.३ मीटर वर चढवू शकतो, आणि घर्षण, गळती धरून प्रत्यक्षात सहा-सात मीटर मिळाले तर पुष्कळ. मोटर कितीही अश्वशक्तीची घ्या, ही मर्यादा ओलांडता येत नाही. त्याहून खोल पाणी असलं की पंपच खाली पाण्यात सोडायचा आणि पाणी खालून वर रेटायचं. हवेचा दाब द्रवाला ठरावीक उंचीपर्यंतच चढवतो, हे इटलीच्या टोरिचेल्ली या शास्त्रज्ञाने १६४३ मध्ये पाऱ्यावर दाखवलं, आणि १६४८ मध्ये पास्कलच्या (दाबाच्या एककाला ज्याचं नाव आहे तो) मेव्हण्याने पाऱ्याची नळी फ्रान्समधल्या प्युय द दोम डोंगरावर नेली तेव्हा वर गेल्यावर पारा उतरला. महाबळेश्वरला गेलात तर तिथे हवेचा दाब समुद्रकाठापेक्षा साधारण पंधरा टक्क्यांनी कमी असतो. ओढून पाणी चढवण्याची मर्यादा तिथे दीड मीटरने घटते.

आता तुमची टाकी. टाकीच्या तळापासून वरच्या मजल्यावरच्या शॉवरपर्यंत उंची फार तर अडीच मीटर असेल. म्हणजे पाव किलो, शिवाय टाकीत पाणी जितकं उभं असेल तेवढं. तळमजल्याला तेच पाणी आणखी नऊ मीटर खाली येतं, म्हणून तिथे एक किलोच्या पुढे मिळतो आणि तिथल्यांची तक्रार नसते. हल्लीच्या रुंद शॉवरना अर्धा ते एक किलो लागतो. दुप्पट लिटरची टाकी तेवढ्याच उंचीची घेतलीत तर फरक शून्य. तीच टाकी दीड मीटर उंच चौथऱ्यावर चढवली तर ०.१५ किलो वाढेल, पण त्याआधी स्लॅबला तो भार झेपतो का हे स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय हात लावू नका. पाच हजार लिटर म्हणजे पाच टन. बहुतेक ठिकाणी फक्त वरच्या मजल्याच्या लाइनवर छोटा प्रेशर पंप बसवणं हा स्वस्त आणि सुरक्षित उपाय ठरतो.

पण त्याच्याही आधी दोष उंचीचा आहे की पाइपाचा, ते बघून घ्या. वरच्या मजल्यावरच्या एखाद्या नळाला पारदर्शक नळी क्लिपने घट्ट बसवा, तिचं दुसरं टोक गच्चीवर टाकीशेजारी उभं धरा आणि नळ उघडा. मुलीला वर उभं करा. घरात दुसरं कुठलंच पाणी चालू नसेल तर नळीतलं पाणी टाकीतल्या पातळीला येऊन थांबेल, टाकी पाच हजारांची असो की पन्नास हजारांची. त्या जागी तिने पेनाने खूण करावी. मग तुम्ही खाली शॉवर पूर्ण सोडा. नळीतलं पाणी उतरेल. वीतभर उतरलं तर पाइप ठीक आहे, उंचीच कमी पडतेय, पंप घ्या. मीटरभर किंवा त्याहून जास्त उतरलं तर दाब वाटेतच खर्च होतोय: पाइप बारीक आहे, आत क्षार धरलेत, किंवा एखादा व्हॉल्व्ह अर्धाच उघडा आहे. तेव्हा पंपाआधी प्लंबरला बोलावून टाकीच्या खालचा व्हॉल्व्ह आणि उतरणारी लाइन उघडून घ्या.